दारचीं पाखरें

गेल्या वैशाखांत आमची नऊ वर्षांची नात सुटीसाठीं पुण्याहून लोणावळ्यास आली. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं परसांतील जांभळीच्या शेंड्यावर एक काळेंपांढरें पाखरूं येऊन बसलें, आणि शेंपूट वर करून अशी कांहीं गोड शीळ घालूं लागलें कीं, पूजेस बसलेले आम्ही क्षणभर मंत्र विसरलों. नात धांवत आली व विचारूं लागली, "आजोबा, हा कोणता पक्षी?" आम्हीं चष्मा पुसला, मान वर केली, घसा खांकरला आणि उत्तर दिलें, "पाखरूं आहे एक." ती कांहीं बोलली नाहीं. परंतु उत्तर येत नसतां वेळ मारून नेणारीं मुलें आम्हीं जन्मभर पाहिलीं आहेत. त्या सकाळीं त्या मुलांच्या जागीं आम्हीच उभे होतों.

वस्तुतः पक्ष्यांच्या नांवांची आम्हांस वाण नव्हती. लहानपणीं वडिलांपाशीं बसून अमरकोश पाठ केला होता. त्याच्या दुसऱ्या कांडांतील सिंहादिवर्गांत पशूंबरोबर पक्ष्यांचींही नांवें आलेलीं आहेत. कावळ्यास ध्वांक्ष आणि बलिपुष्ट, कोकिळास पिक आणि परभृत, हें आम्ही आजही झोंपेंतून उठून सांगूं. पण नांवाचा धनी जांभळीवर येऊन गाऊं लागला, तेव्हां ती सारी विद्या निरुपयोगी ठरली. मागाहून कळलें कीं, तो दयाळ. मावळांत असें एक गांव नसेल कीं जेथें हा नाहीं. नर काळाभोर, पोट व पंखांवरील पट्टा पांढरा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागीं राखी रंग. शेजारच्या बांगला देशानें ह्यालाच आपला राष्ट्रीय पक्षी मानिलें आहे. एका राष्ट्राचा मानकरी आमच्या परसांत रोज गात होता, आणि आम्हीं त्याची बोळवण चार शब्दांत केली!

अशा वेळीं वडीलधाऱ्यानें काय करावें, ह्याचें एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) हे लहानपणींच पोरके झाले व मुंबईस मामांच्या घरीं वाढले. मुलगेपणीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडिली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही निराळी चिमणी कोणती, असें त्यांनीं मामांस विचारिलें. मामा स्वतः शिकारी, जाणते गृहस्थ. तथापि त्यांसही सांगतां येईना. पण त्यांनीं मुलाला गप्प बसविलें नाहीं. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या चिटणिसांस चिठ्ठी देऊन त्यांनीं त्याला तिकडे पाठविलें. पुढें त्या मुलानें काय केलें हें सर्वश्रुत आहे. १९४१ सालीं निघालेलें त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक अद्याप घरोघर वापरलें जातें. आम्हींही तेंच शेजाऱ्यांकडून मागून आणिलें, मराठी नांवांसाठीं मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' जवळ घेतला, आणि आम्ही दोघे रायवुड उद्यानाच्या वाटेस लागलों.

लोणावळ्याचें हें उद्यान बहुतेक प्रवाशांस ठाऊक असतें. उंच जुने वृक्ष, दाट सावली आणि आंत महादेवाचें जुनें देऊळ. दहा वाजले कीं मंडळी चिक्कीच्या पुड्या घेऊन येऊं लागतात व मग पाखरांचा आवाज माणसांच्या आवाजांत बुडून जातो. म्हणून आम्ही सूर्योदयास जात असूं. पहिले दोन दिवस आमची फजितीच झाली. झाडावर कांहीं तरी हालावें, नातीनें "काळा!" म्हणावें, आम्हीं "तपकिरी!" म्हणावें, आणि पुस्तकाचीं पानें उलटीपर्यंत पाखरूं उडून जावें. तेथील एक म्हातारे माळीबुवा हा खेळ पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, रंगाच्या नादीं लागूं नका. उन्हाकडे तोंड केलं की समदींच काळीं दिसत्यात."

ह्या एका वाक्यांत पक्षिनिरीक्षणाचा पहिला धडा आला. रंग शेवटीं पाहावा. प्रथम आकार, आणि त्यासाठीं प्रत्येक घरीं तीन मापें तयारच असतात: चिमणी, साळुंकी आणि कावळा. चिमणी सुमारें १५ सेंटिमीटर, साळुंकी २३, आणि गांवकावळा चाळिसांच्या थोडा वर. नवें पाखरूं दिसलें कीं, तें ह्यांपैकीं कोणाएवढें, हें आधीं मनाशीं ठरवावें. दुसरी पाहावी चोंच. दाणे फोडणाऱ्याची ती आंखूड व जाड, किडे टिपणाऱ्याची बारीक, मधासाठीं फुलांत घालणाऱ्याची लांब व वांकडी. तिसरी शेंपटी: लांब कीं तोकडी, दुभंगलेली कीं पंख्यासारखी. चौथी गोष्ट चाल. चिमणी दोन्हीं पाय जुळवून टुणटुण उड्या मारते. साळुंकी मात्र एकामागून एक पाऊल टाकीत, कारकुनानें कचेरींत जावें तशी, चालत जाते. पांचवा आवाज. ह्या पांचांनंतर रंग. नातीनें ही यादी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेविली, आणि आश्चर्य असें कीं, चार दिवसांत आमचें भांडण मिटलें.

ह्या रीतीनें जे पहिले ओळखीचे झाले ते बुलबुल. आकार चिमणीहून मोठा, साळुंकीहून थोडा लहान. उद्यानांत ह्यांच्या दोन जाती आहेत व नवशिक्याचा गोंधळ उडतो. एकाच्या डोक्यावर टोंकदार काळा तुरा ताठ उभा असतो, गालावर तांबडा ठिपका व खालीं पांढरा गाल. हा शिपाई बुलबुल. दुसऱ्याचा तुरा आंखूड व बसका, अंग धुरकट, आणि उडतांना कंबरेवर पांढरा पट्टा चमकतो, हा लालबुड्या. शेपटीखालीं लाल रंग दोघांसही असतो, म्हणून त्यावरून निवाडा करूं नये, तुऱ्याकडे पाहावें. घांटमाथ्यावर शिपायांची गर्दी अधिक. तळेगांवाकडे उतरत जावें तसतसा लालबुड्या अधिक दिसूं लागतो.

कांहीं पाखरें दिसण्याआधीं ऐकूं येतात. भर दुपारीं कोणी तांबें ठोकीत असल्यासारखा "टुक्‌ टुक्‌ टुक्‌" असा एकसारखा आवाज येतो, तो तांबटाचा. हा हिरवा, चिमणीहून किंचित् मोठा, कपाळ व छाती तांबडी, गळा पिवळा. एवढा रंगेल असूनही पानांत बसला कीं दिसतां दिसत नाहीं. त्याचाच मोठा भाऊबंद कुटुर्गा. "कुटुर्र, कुटुर्र" अशी त्याची आरोळी सगळ्या उद्यानांत घुमते. आम्हीं तीन सकाळी मान वर करून तो शोधिला. चौथ्या दिवशीं तो आमच्या डोक्यावरच उंबर खात बसलेला सांपडला.

आतां एक व्याकरणाची चूक कबूल करावयाची आहे. "कोकिळा गाते" हें वाक्य आम्हीं किती वर्षें फळ्यावर लिहिलें असेल ह्याची गणती नाहीं. परंतु "कुहू, कुहू" करणारा तो नर, म्हणजे कोकीळ. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. कोकिळा तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज "किक्‌ किक्‌ किक्‌" असा कर्कश. ह्याच कुळांतील दुसरा तो पावशा. शेतकऱ्यास त्याच्या हांकेंत "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकूं येतें. उत्तरेकडील लोकांस तीच हांक "पी कहाँ" अशी वाटते व ते त्यास पपीहा म्हणतात. हा दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा. तो आला कीं लहान पाखरें भिऊन कालवा करितात. पण त्याचीं नखें पाहिलीं कीं सोंग उघडें पडतें. ससाण्याच्या जातीचीं आंकडेदार नखें त्यास नाहींत.

भारद्वाजाच्या बाबतींत तर आमच्या शास्त्राचाच कस लागला. उद्यानाच्या कुंपणाशीं तो रोज सकाळीं चालतांना दिसे: कावळ्याएवढा, अंग काळें, पंख तांब्याच्या घांसलेल्या भांड्यासारखे, डोळे लाल. आमच्या मातुःश्री प्रवासास निघतांना हा दिसला कीं शुभशकुन मानीत. कोंकणांत ह्यासच कुकुडकोंबा म्हणतात. आम्हीं मोठ्या हौसेनें आपट्यांचा संस्कृत–इंग्रजी कोश काढिला, तों तेथें भरद्वाज ह्या शब्दाचा अर्थ चंडोल असा दिलेला! चंडोल म्हणजे माळावरून गात गात आकाशांत चढणारा लहानसा मातकट पक्षी. दोघांत साम्य असें कांहींच नाहीं. नातीनें विचारिलें, "मग खरा कोणता?" आम्हीं सांगितलें कीं, नांवें माणसें ठेवितात व तीं प्रांतोप्रांतीं सरकत जातात; ह्या महाराष्ट्रांत चार लोक ज्यास भारद्वाज म्हणतात तो हा समोर चालला आहे, तेवढें आपण धरून चालूं. हें उत्तर देतांना आमच्या मनांत एक जुनी गोष्ट डोकावून गेली. ती सांगण्यास अजून धीर होत नव्हता.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही मावळांतील एका शाळेवर होतों. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एके दिवशीं वर्गांत वाक्प्रचार चालले होते: "चातकाप्रमाणें वाट पाहणें." आम्हीं रंगांत येऊन सांगितलें कीं, हंस दूध व पाणी वेगळें करितो, चकोर चांदणें पितो, आणि चातक पावसाच्या थेंबावांचून दुसरें पाणी शिवत नाहीं, हे सारे कविसंकेत आहेत. कालिदासाच्या मेघदूतांतही चातक आहे, पण असा पक्षी प्रत्यक्षांत नाहीं. तेव्हां मागच्या बांकावरून एका शेतकऱ्याच्या मुलानें हात वर केला. "गुरुजी, त्यो हाय की. आमच्या बांधावर येतो, पेरणीच्या वख्ताला. डोक्यावर तुरा असतो." वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, आणि म्हटलें, "तुझ्या बांधावर चकोरही येत असेल! खालीं बैस, आगाऊपणा करूं नकोस." मुलगा खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हा हात वर केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

पावसाळा सुरू झाला, नात पुण्यास गेली, आणि आम्ही एकटेच पाहूं लागलों. मावळाची मौज अशी कीं, लोणावळा ते तळेगांव हें रेल्वेचें अंतर सुमारें तीस किलोमीटर. पण तेवढ्यांत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो, आणि पावसाबरोबर पाखरेंही बदलतात. खंडाळ्याच्या ओढ्यांवर झुंजुमुंजू होतांच शीळकरी कस्तूर गाऊं लागतो. साळुंकीहून थोडा मोठा, निळसर काळा, कपाळावर व खांद्यावर निळी झांक. त्याची शीळ सुरांत चालतां चालतां मध्येंच वाट चुकते व पुन्हा सुरू होते; म्हणून इंग्रज लोक त्यास शीळ घालणारा उनाड शाळकरी पोर म्हणत. आम्हांस हें नांव ऐकून बरें वाटलें. आयुष्यभर ज्या पोरांस शीळ घालण्याबद्दल छड्या दिल्या, त्यांतील एकानें तरी नांव काढिलें! परंतु चातक ह्या दाट पावसाच्या मुलुखांत फारसा रमत नाहीं. तो राहतो मळवली, कामशेतपासून पूर्वेकडे, बाभळी, झुडपें व शेतांचे बांध आहेत तेथें.

भाद्रपदांत गौरीगणपतीस नात पुन्हा आली. गौरी गेल्यावर तिला घेऊन आम्ही मळवलीस उतरलों व भाज्याच्या लेण्यांच्या वाटेनें चालूं लागलों. वाटेंत भातखाचरांच्या बांधावर सातभाईंचा मेळा होता. हे पक्षी वाचकांनीं अवश्य पाहिले असतील. साळुंकीएवढे, मातकट राखी, चोंच पिंवळट, डोळे फिके, पिसें विसकटलेलीं, तोंडानें अखंड कलकल. सहा असोत वा दहा, नांव सातभाईच. ह्यांचें कुटुंब खरोखर एकत्र असतें. सारे एका ठिकाणीं चरतात, एकजण उंचावर बसून पहारा करितो, रात्रीं एका फांदीवर अंगास अंग लावून बसतात. आणि एका जोडप्याचें पिल्लूं झालें तरी चुलते, आत्या, थोरलीं भावंडें, सर्व मिळून त्यास भरवितात.

त्या मेळ्यांत एक पिल्लूं मोठमोठ्यानें ओरडत होतें व सातभाई आळीपाळीनें त्याच्या तोंडांत अळ्या कोंबीत होते. आम्ही कौतुकानें म्हणालों, "पाहिलेंस, घरच्या बाळाचा कसा लाड चालला आहे तो!" नात कांहीं वेळ टक लावून पाहत राहिली व म्हणाली, "आजोबा, हें ह्यांचें नाहीं. ह्याची शेंपटी लांब आहे. चोंच निराळी आहे. आणि डोक्यावर बारीकसा तुरा आहे." आम्हीं पुन्हा पाहिलें. तिचें बरोबर होतें. वरून काळपट, खालून पिवळसर, शेंपटी लांब, तुरा अर्धवट उगवलेला. जवळच खाचरांत एक शेतकरी बांध घालीत होते. ते न विचारतांच म्हणाले, "चातकाचं प्वार हाय त्ये. दरसाल सातभाईच पोसत्यात. ह्ये काय, आईबाप बी हितंच असतील बाभळीवर."

आणि घटकाभरानें बाभळीवर तो दिसलाही. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर मागें झुकलेला टोंकदार काळा तुरा, पंखावर पांढरा ठिपका, लांब शेंपटीचीं टोंकें पांढरीं. अंगानें साळुंकीएवढा, पण शेंपटीमुळें लांबट. "पियू, पियू" असें तो दोनदां ओरडला व उडून गेला. जन्मभर ज्यास आम्हीं शब्दांत पाहिलें होतें तो पांसष्टाव्या वर्षीं बाभळीवर पाहिला.

मग घरीं येऊन वाचलें. चातक हा कोकिळाच्याच कुळांतला, स्वतः घरटें न बांधणारा. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यांत अंडें घालते, आणि तें अंडें सातभाईंच्या अंड्यांसारखेंच निळें असतें. त्यांतून निघालेलें पिल्लूं यजमानाच्या पिलांस बाहेर लोटून देत नाहीं; कधीं कधीं दोन्हीं एकत्र वाढतात. उत्तर व मध्य हिंदुस्थानांत दिसणारे बहुतेक चातक मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेंतून समुद्र ओलांडून येतात व पावसाळा संपल्यावर परत जातात. २०२० सालीं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं दोन चातकांच्या अंगावर उपग्रहास खुणा पाठविणारीं हलकीं यंत्रें बसवून हा प्रवास अभ्यासण्यास आरंभ केला, आणि त्या पक्ष्यांचीं नांवें ठेविलीं मेघ आणि चातक! कालिदास हें ऐकता तर प्रसन्न झाला असता. राहिली गोष्ट पावसाच्या थेंबांची. चातकाचें मुख्य खाणें केसाळ सुरवंट. ते पावसाबरोबर निघतात, आणि सातभाईंचीं घरटींही ह्याच दिवसांत भरतात. म्हणून चातकास पावसाची गांठ घ्यावीच लागते. कवींनीं त्याची तहान कल्पिली असेल. पण त्याची वेळ त्यांनीं बरोबर टिपली होती. आणि ती वेळ तीस वर्षांपूर्वीं मागच्या बांकावरून एका मुलानें आम्हांस सांगितली होती: पेरणीच्या वख्ताला.

वाचकहो, हें सर्व लिहिण्याचें कारण एवढेंच कीं, आपल्या घरांतील मुलें विचारतात तेव्हां आपण काय उत्तर देतों इकडे आपलें लक्ष असावें. आज मोबाईलमध्यें पाखराचा आवाज ऐकवला कीं तें यंत्र नांव सांगतें, पण बहुधा इंग्रजी. मुलांस किंगफिशर ठाऊक असतो, खंड्या नसतो. मराठी नांवें माळ्यापाशीं, गुराख्यापाशीं, शेतांत राबणाऱ्या बायामाणसांपाशीं आहेत, आणि तीं विचारण्यांत आपला कोणताही मान कमी होत नाहीं. घरीं एक वही ठेवावी. तींत दिवस, ठिकाण, आकार, चोंच, शेंपटी, चाल, आवाज व शेवटीं रंग लिहावा. स्वयंपाकघराच्या खिडकींतून सूनबाईंस जें दिसतें तें दिवाणखान्यांत बसलेल्या पुरुषांस बहुधा दिसत नाहीं, म्हणून वही तेथेंच टांगावी. घरटें सांपडल्यास दुरून पाहावें. जवळ जाऊं नये, फांदी वांकवूं नये. उन्हाळ्यांत परसांत मातीच्या परळांत पाणी ठेवावें. आपल्या राज्यांत ५ नोव्हेंबर ह्या चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबर ह्या सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह पाळला जातो. आरंभ करण्यास तो आठवडा चांगला आहे, पण उद्यांची सकाळही चांगलीच आहे.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. आम्हीं दोन-तीन ठिकाणीं चौकशी केली. अद्याप पत्ता लागला नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडेल कीं नाहीं कोण जाणे. पडल्यास त्यास कळावें कीं, त्या दिवशीं वर्गांत बरोबर उत्तर त्याचेंच होतें आणि चूक गुरुजींची होती. नातीनें वहींत त्या दिवसाच्या पानावर पाहणाऱ्यांचीं नांवें लिहिलीं आहेत: आधीं तिचें, मग आमचें. त्याच्या खालीं एक ओळ आम्हीं रिकामी ठेवविली आहे.